उघडी राहिलेली फाइल

काकांचा फोन आला तेव्हा मी कांदिवलीला एका सीएच्या ऑफिसात टेबलाखाली घुसून केबली ओढत होते. "अगं, सगळं अडकलंय," काका म्हणाले. "कुठलंही फोल्डर उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. बारावीचे पेपर तोंडावर आलेत, पोरं फोनवर फोन करतायत. तू ये आणि एकदा बंद करून चालू कर ना."

"काका, कशालाही हात लावू नका. मी येते," मी म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच टेबलाखाली बसून राहिले. ताई गेल्यापासून त्या जागेत मी पाऊल टाकलं नव्हतं. सीएचा शिपाई वाकून बघून गेला, मॅडमला काय झालं म्हणून. काही नाही रे बाबा, केबल शोधतेय, म्हटलं.

ती जागा म्हणजे जोगेश्वरीतल्या एका जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. तिथे न दिसणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. बारावीचा इतिहास, कुणाचं कायद्याचं पुस्तक, कुणाला स्पर्धा परीक्षेचं काहीबाही. वाचणारे सगळे हौशी, बहुतेक रिटायर झालेले. हे सगळं सांभाळतात ते काका, बँकेतून निवृत्त. शिस्तीचे इतके की चहाचा कप टेबलावर गोल उमटला तरी त्यांचं तोंड उतरतं. माझं आणि त्यांचं नातं काही नाही, काका म्हणायचं म्हणून काका. आणि ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्य घालवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून विक्रोळीहून रोज लिंक रोडने जोगेश्वरीला यायला लागली, वाचायला. तिथला सर्व्हर बसवायला मला तिनेच कान धरून आणलं. फुकटात. "तुझं ज्ञान काय लोणचं घालून ठेवणारेस?" म्हणाली होती.

दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात लाकडाची खोली केली आहे, आतून सगळा फोम लावलेला. तिला सगळे बूथ म्हणतात. दाराला हाताएवढी काच, दारावर लाल दिवा. वाचणारा आत बसला की दिवा लावतो. दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, टकटक करायची नाही, आग लागली तरी आधी काकांना सांगायचं. हा काकांचा नियम. एकदा कुणीतरी दार ढकललं आणि अर्ध्या तासाचं वाचन फुकट गेलं, तेव्हापासूनचा.

त्या दिवशी ताई सकाळी बूथमध्ये गेली, दिवा लावला, आणि दिवा चालूच राहिला. पुढच्या वाचक बाई आल्या, ताटकळल्या. काका त्यांना म्हणाले, बाईंचा दिवा चालू आहे, थांबा. ताईला ते बाई म्हणायचे. कुरिअरवाला बेल वाजवायला गेला तर काकांनी त्याला खुणेने गप्प केलं. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा त्यांनी काचेतून डोकावलं. ताई पुस्तकावर वाकलेली दिसली. काकांना वाटलं, बारीक अक्षर असेल. चहा झाला तेव्हा त्यांनी पुन्हा डोकावलं, आणि ती तशीच होती.

हार्ट, डॉक्टर म्हणाले. क्षणात गेल्या, काही कळलंसुद्धा नसेल. मग भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला तेच सांगून गेला. क्षणात गेली हो, भाग्याची. मी मान हलवत होते. पण आंघोळ करताना, भाजी चिरताना, रिक्षात बसल्यावर डोक्यात एकच किडा वळवळायचा. त्या बूथमधून आवाज बाहेर येत नाही. फोमचा एक एक तुकडा मी स्वतः चिकटवताना धरलाय, मला माहीत आहे. तिने हाक मारली असेल तर? कितीदा मारली असेल? दाराबाहेर एवढी माणसं, आणि सगळी तिच्यासाठीच गप्प बसलेली.

तर मी गेले. काकांनी दार उघडलं. खूप वाळले होते. "ये," एवढंच म्हणाले, आणि चहा टाकायला वळले. बूथचं दार लोटलेलं होतं. मी तिकडे न बघता स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली सिलिंडर असायचा त्या जागेत आमचा सर्व्हर आहे, आणि त्याच्याशेजारी काकांच्या चपला. सगळी रेकॉर्डिंगं याच्यावर, आणि घरातली सगळी मशीनं याच्यावरूनच फाइली उचलतात. हा अडला की सगळं अडलं.

मी पाटावर बसले आणि थेट त्याला कीबोर्ड-स्क्रीन लावला. साधी फोल्डरांची यादी मागितली तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. दुसऱ्या खिडकीतून बघितलं तर एकामागून एक कामं अडकून पडलेली. मी ती मारायला, म्हणजे जबरदस्तीने बंद करायला गेले. मरेनात. आमच्या धंद्यात अशी एक अवस्था असते. काम डिस्ककडून उत्तराची वाट बघत असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते चालतही नाही आणि मरतही नाही. कितीही जोरात मारा. मी हे वर्षानुवर्षं बघत आलेय, पण त्या दिवशी ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली.

"बंद करून चालू केलं तर?" काका मागून म्हणाले.

"काका, दोन मिनिटं गप्प बसाल का?" मी खेकसले. मग वाईट वाटलं. तसा माझा स्वभावच आहे, आधी खेकसायचं.

डिस्क काठोकाठ भरली होती. ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, अशी आहे की गळ्यापर्यंत भरली की तिचा श्वास कोंडतो, रेघ लिहायलाही तिला जागा शोधत फिरावं लागतं. म्हणजे हँग का झालं ते कळलं. पण भरली कशाने? मी एक एक फोल्डर मोजायला लावलं. खूप वेळ लागला. चहा पिऊन झाला, काकांनी कप विसळून ठेवले. बेरीज आली आणि मी चक्रावले. सगळ्या फाइली मिळून जेवढी जागा होत होती, त्याच्यापेक्षा भरलेली जागा कितीतरी जास्त. मधली जागा कुणीतरी व्यापलेली, पण तिथे कुणी दिसत नाही.

"काका, तुम्ही काही उडवलंत का?"

"हो, कालच!" काका जरा खूशच झाले. "जागा संपली अशी पाटी दाखवत होतं, म्हणून तू शिकवलंस तसं सर्व्हरच्या त्या पानावर जाऊन एक अगडबंब फाइल काढून टाकली. व्हायरस होता गं. जेव्हा बघावं तेव्हा आधीपेक्षा मोठी. नाव पण नाही, नुसते आकडे."

"कुठल्या फोल्डरात होती?"

"बाईंच्या," काका म्हणाले.

मी हात मांडीवर ठेवले. रेकॉर्डरला वाचणाऱ्याने नाव दिलं नाही तर तो स्वतः आकड्यांचं नाव देतो. नाव देतात शेवटी, वाचून संपल्यावर, थांबवल्यावर.

"काका, बूथमधलं मशीन नंतर कोणी बंद केलं?"

"कुणीच नाही. स्क्रीन मी बंद केला, बाईंना नेलं तेव्हा. बाकी जसंच्या तसं ठेवलंय. तुमच्याकडचा तो पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत कुणी आत वाचायचं नाही असं ठरवलं सगळ्यांनी. मग ते झालं, तरी कुणाचा धीर होईना. सगळे आतल्या खोलीत गोधड्या टांगून वाचतात."

इतर कुठल्या ऑफिसात कोणीतरी संध्याकाळी जाताना ते मशीन बंद केलंच असतं. यांनी केलं नाही, कारण ते ताईचं होतं. आणि ते आपोआप झोपी जाऊ नये, लाइट गेली तरी बंद पडू नये, थेट सर्व्हरवर लिहावं, ही सगळी सोय माझीच. वाचता वाचता रेकॉर्डिंग तुटतं म्हणून ताईच कटकट करायची.

मी सर्व्हरला विचारलं, पुसलेली पण अजून कुणी धरून ठेवलेली फाइल आहे का. याला उत्तर द्यायला डिस्क लागत नाही, त्यामुळे ते लगेच आलं. एक ओळ. मशीन : बूथ. लॉगिन : ताई. फाइलचं नाव आकड्यांचं, आणि त्यापुढे, पुसलेली.

भर दुपार, बाहेर भंगारवाला ओरडत चाललेला, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. आणि ओट्याखालचं हे मशीन मला सांगतंय की ताई अजून लॉगिन आहे, आणि तिने फाइल धरून ठेवली आहे.

काकांना मी समजावून सांगितलं. फाइल पुसली की यादीतून तिचं नाव जातं. पण एखाद्या मशीनने ती उघडून धरली असेल तर आतला मजकूर सर्व्हर टाकून देत नाही. नाव नसलेली ती तशीच पडून राहते, जागा अडवून. ज्याने धरलीय त्याने सोडली की त्या क्षणी ती खरोखर जाते. मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी मिळत नाही.

"म्हणजे बंद करून चालू केलं असतं तर—"

"गेली असती."

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे त्या दिवसाचं सगळं आहे तिच्यात?"

"तिने सुरू केलं तिथपासून डिस्क भरेपर्यंत. सगळं."

मी उठले आणि बूथचं दार ढकललं. टेबलावर ताईचा फोटो, त्याला सुकलेला हार. आत फोम आहे म्हणून मेणबत्ती लावू देत नाहीत, तर काकांनी बॅटरीवर लुकलुकणारी चिनी मेणबत्ती आणून ठेवली होती. आमच्याकडे मेणबत्ती लावतात हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं असणार. फोटोसमोरच माइक, ताईच्या तोंडाच्या उंचीला वळवलेला. मी स्क्रीनचं बटण दाबलं. वर पाटी होती, डिस्क भरली, रेकॉर्डिंग थांबले. खाली एकच बटण, ओके. मागे आवाजाची पट्टी दिसत होती, सपाट, मधे मधे बारीक उंचवटे. मी माऊसला हात न लावता पाय मागे घेत बाहेर आले.

"सोडून दे ते बटण दाबून," काका म्हणाले. दाराला टेकून उभे होते. "मुलांची परीक्षा आहे. सर्व्हर सुरू होऊ दे. बाईंना आता कशाला त्रास."

"मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय तुला? गेलेल्या माणसाचं काय ऐकायचंय? डॉक्टरांनी सांगितलं ना!"

"डॉक्टर होते का आत?" माझा आवाज चढला. "माझी बहीण आहे ती, काका! मला आई आठवत नाही, हीच आठवते. तिने हाक मारली का ते मला कळलं पाहिजे. नाहीतर मी मरेपर्यंत हेच करत बसणार, तिच्या तोंडून हाका मारत बसणार."

काका स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कर मग," म्हणाले. "माझं ऐकू नकोस."

बॅगेतली डिस्क काढून मी सर्व्हरला जोडली. उघड्या फाइलच्या आत हात घालून मजकूर उपसता येतो, पण सर्व्हरचा जीव असा अडकलेला असताना थेंब थेंब येत होता. पूर्ण फाइल मावणारच नव्हती, म्हणून सुरुवातीचा भाग आधी घेतला, तो दिवस सुरुवातीलाच होता. मधेच लाइट गेली. इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला आणि मी ओट्याखाली हात जोडून बसले. आई शप्पथ, मी कधी कुठल्या देवाला हात जोडले नाहीत, त्या डब्याला जोडले. लाइट आली. काका तोपर्यंत फोनवर कुणा मुलीला सांगत होते, हो बाळा, आज मिळेल, शेवटचा धडा आज मिळेल. तो धडा ताईच वाचत होती त्या दिवशी. हे त्यांना माहीत होतं, मलाही.

मग पाटावर बसून मी हेडफोन घातले.

खुर्ची सरकली. पानं उलटली. आणि ताई बोलली. इतिहासाचा शेवटचा धडा, त्याचं नाव, पान. तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. मी स्वतःला म्हटलं, आता रडायचं नाही, ऐकायचं.

ती नेहमीसारखी सुसाट चालली होती. मग एक टाळी वाजली. तिथे पद्धत अशी आहे की वाचताना चुकलं की एकदा टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायचं. आवाजाच्या पट्टीवर टाळीची उभी रेघ लांबून दिसते, म्हणजे एडिट करणाऱ्याला चुकलेलं वाक्य कापता येतं. ताई क्वचित चुकायची. माझ्या मनात आलं, ताई, तू आणि टाळी? तिने "पुन्हा घेते" म्हटलं आणि वाक्य पुन्हा वाचलं. थोडं पुढे गेली, पुन्हा टाळी. मी मागे जाऊन ऐकलं. वाक्य बरोबर होतं. एक शब्द चुकला नव्हता. फक्त शेवटच्या शब्दाला श्वास तुटला होता.

पुन्हा टाळी. पुन्हा घेते. मग थांबणं. मग वाक्य, अगदी स्वच्छ. मग एक लांब श्वास, जणू जिना चढून आलीय, आणि टाळी. टाळ्या जवळ जवळ यायला लागल्या. टाळीचा जोर कमी होत गेला. पण प्रत्येक टाळीनंतर तिने ते वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि श्वास न तुटता पूर्ण केलं. दुखत होतं तिला. खूप दुखत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं. आणि बाईसाहेब ती चूक धरून कापायची खूण करत होत्या!

"अगं बये, हाक मार ना!" मी ओरडले. "दार उघड, हाक मार कुणाला तरी! हाक मार गं!"

हेडफोन घातलेले, त्यामुळे किती मोठ्याने ओरडले मला कळलं नाही. काका धावत आले, हातात पाण्याचा पेला. मी हाताने त्यांना जा म्हटलं. ते गेले नाहीत, चौकटीत उभे राहिले.

ती अशीच होती. चाळीत नळावरून दोन हंडे आणताना पाय मुरगळला तरी हंडे खाली ठेवून मग बसायची. एकदा ताप अंगात मुरवून मला परीक्षेला सोडायला आली आणि शाळेच्या फाटकाशी मला आत ढकलल्यावर भिंतीला धरून उभी राहिली, ते मला बाकीच्या मुलींनी सांगितलं. कुणाला म्हणून सांगायची नाही. मला तिचा इतका राग आला त्या क्षणी, इतका राग, की ती समोर असती तर मी तिला हलवली असती.

धडा संपला. "धडा इथे समाप्त," ती म्हणाली. खुर्ची करकरली. पुस्तकावर काहीतरी टेकल्यासारखा आवाज आला. मग काही नाही.

बराच वेळ काही नाही. मी पुढे सरकवत गेले. सपाट, सपाट. मग दार उघडलं आणि काकांचा आवाज आला, "बाई, चहा घ्या आता. बाई? अहो बाई—" आणि तिथे मी हेडफोन काढून फेकले.

थोड्या वेळाने पुन्हा घातले. पट्टीवरचे ते बारीक उंचवटे राहिले होते. एवढी मोठी फाइल, दिवसच्या दिवस रिकाम्या बूथचं रेकॉर्डिंग, आणि त्यात ते उंचवटे कशाचे? तो भाग डिस्कवर न उतरवता उघड्या फाइलमधूनच थेट ऐकायला लागले, आणि एका उंचवट्यावर थांबले.

दार उघडलं. मेणबत्तीचं बटण टिक् झालं. मग काकांचा आवाज, एकदम हळू. "बाई, दिवा चालू होता हो. मी म्हटलं वाचताय." मग दार लागलं.

दुसरा उंचवटा. टिक्. "मी सगळ्यांना थांबवलं बाई. मीच थांबवलं." दार.

त्याच्यापुढचा. टिक्. खूप वेळ शांतता, मग, "हाक मारली होतीत का हो?" आणि मग ते थांबलेले, ऐकत असल्यासारखे. मग दार. त्याच्यापुढच्या प्रत्येक उंचवट्यावर तेच. टिक्. हाक मारलीत का हो? वाट बघणं. दार. रोज येऊन त्यांनी फोटोला माझाच प्रश्न विचारला होता, आणि माइक त्यांच्या तोंडासमोर सगळं टिपून घेत होता. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. काल जी फाइल त्यांनी व्हायरस म्हणून उडवली ती रोज मोठी होत होती, तिच्यात ते स्वतः होते.

मी हेडफोन काढले. काका चौकटीतच होते, पेला हातात तसाच.

"मारली?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. शप्पथ."

"त्रास?"

"नेहमीसारखं वाचलंय तिने, काका."

पेला ओट्यावर ठेवायला गेले तो कलंडला. मग ते तिथेच ओट्याला धरून रडले. असा शिस्तीचा माणूस, नाक वाहतंय त्याचंही भान नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाक मारली नाही हे तर खरंच होतं. बाकीचं माझ्याजवळ राहू दे, असं मी ठरवलं. एकाने वाहिलं तर पुरे.

धड्याचा भाग नीट उतरलाय ना ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. मग बूथमध्ये जाऊन ओके दाबलं. ताईच्या मशीनने फाइल सोडली. स्वयंपाकघरात येईपर्यंत सर्व्हरवर ढीगभर जागा मोकळी झाली होती, अडकलेली सगळी कामं भराभर संपत होती, आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "उघडलं, उघडलं!" लॉगिनच्या यादीतून ताई गेली. काकांचे ते सगळे प्रश्नही फाइलबरोबर गेले, ते मी मुद्दाम घेतले नव्हते.

धडा एडिट करायला मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. घरी आणला, विक्रोळीला. एक एक टाळी कापली. "पुन्हा घेते" कापलं. तुटलेले श्वास कापले. उरली ती सगळी तिची पूर्ण केलेली वाक्यं, एकेक धडधाकट. मधल्या थांबण्याच्या जागा मात्र मी ठेवल्या. त्या काढल्या तर वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडायची आणि तो तिचा आवाज वाटायचा नाही. एवढं केल्यावर ऐकलं तर कुणालाही वाटावं, बाई आज निवांत वाचतायत. मी धडा सर्व्हरवर चढवला आणि काकांना मेसेज टाकला.

परीक्षेच्या आधी एकदा कसल्याशा अपडेटसाठी मी पुन्हा जोगेश्वरीला गेले. आता मला तिथे जाता येत होतं. काकाही जरा माणसांत आले होते, शेव काढून ठेवली होती माझ्यासाठी. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात त्या बारावीच्या मुलीचा फोन आला. काकांच्या हाताला शेवेचं तेल, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"काका, शेवटचा धडा झकास झालाय हां एकदम!" ती म्हणाली. "बाकीच्या धड्यांत ताई कसल्या पळतात ना, ब्रेलमध्ये उतरवून घेताना माझी वाट लागते. दहा वेळा मागे जावं लागतं. यात कशा मस्त थांबत थांबत वाचल्यात. प्रत्येक वाक्यानंतर थांबतात. मी एकदाही मागे गेले नाही. सगळ्यांना सांगा ना, असंच वाचायला."

"हो बाळा," काका म्हणाले. "अभ्यास कर. शाब्बास."

फोन बंद झाला. त्यांनी हात रुमालाला पुसले, बोट न् बोट. ताई तिथे वाचायला लागल्यापासून काकांनी तिचा शब्द न् शब्द ऐकलेला.

"बाई थांबत नसत," ते म्हणाले. "कधीच."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, एडिटिंगमध्ये मीच जागा सोडली म्हणायला हवं होतं, आणि ते सुचलंसुद्धा. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तोंडून ते निघेना.

"किती वेळ त्रास होता?" काकांनी विचारलं.

"धडा संपेपर्यंत," मी म्हटलं.